प्रशासकांचा अंमल आणि स्थानिक स्वराज्य

ज्या राज्यात गेल्या सहा-सात वर्षांत भल्या पहाटे शपथविधी उरकले गेले, ज्याच्या दोन प्रादेशिक पक्षांची उभी शकले होऊन त्यांच्या नावा-चिन्हांचे दावे निवडणूक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन भिडले, आणि ज्याच्या मतदाराने २०२४ या एकाच वर्षात लोकसभेला एक आणि विधानसभेला त्याच्या थेट उलटा असा कौल दिला, त्या महाराष्ट्रात राजकारणाची वाण होती असे कोणी म्हणणार नाही. तरीही राजकारणाच्या या महापुरात बहुसंख्य शहरांतील व जिल्ह्यांतील नागरिकाला तुंबलेल्या गटाराची कैफियत घेऊन ज्याच्या दारी जावे असा निवडून आलेला माणूसच उरला नव्हता. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतरचे मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. छत्रपती संभाजीनगरची महापालिका तर एप्रिल २०२० पासून, म्हणजे जवळजवळ पावणेसहा वर्षे, प्रशासकांच्या हाती होती. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, वसई-विरार व कोल्हापूर यांची अवस्था तिच्याहून फारशी वेगळी नव्हती. ग्रामपंचायतींच्या निवडणुका कमीअधिक नियमाने होत राहिल्या. परंतु ३४ पैकी बहुतेक जिल्हा परिषदा, त्यांच्या पंचायत समित्या, बहुसंख्य नगरपरिषदा आणि झाडून साऱ्या महानगरपालिका यांचा कारभार अनेक वर्षे नियुक्त अधिकाऱ्यांनी हाकला. हे कसे घडले, त्याचा दोष कोणाच्या पदरी किती पडतो, आणि पराकोटीच्या दुहीने ग्रासलेल्या राज्याच्या राजकारणाशी त्याचा संबंध काय, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्थानिक संस्थांना आपल्याकडे जो मान मिळाला तो केवळ कायद्याने दिलेला नव्हता. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाने या संस्थांना तात्त्विक अधिष्ठान दिले हे खरे. पण त्याच्याही आधी, १८७६ पासून, जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेत सभासद म्हणून बसत होते, आणि पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याच नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, तो अमलात आणण्याचे धैर्य मात्र दाखविले नाही, आणि १९२७ च्या सत्याग्रहानंतर तोच ठराव मागे घेतला. या एका दप्तरी इतिहासावरून एवढे निश्चित कळते, की समाजातील खरा संघर्ष कायदेमंडळात पोहोचण्यापूर्वी नगरपालिकेच्या सभागृहात येऊन उभा राहतो. तेथे कोण बसतो आणि काय मंजूर करतो ही बाब कधीच किरकोळ नव्हती.

संयुक्त महाराष्ट्राची स्थापना होताच नव्या राज्याने जी पहिली मोठी कामे हाती घेतली, त्यांत लोकशाही विकेंद्रीकरणाचे काम होते. त्या वेळचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली १९६० साली नेमलेल्या समितीने आपला अहवाल १९६१ मध्ये दिला, त्यावरून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांचा अधिनियम झाला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवरील गटास विकासाचे मुख्य एकक मानले होते. नाईक समितीने तो मान जिल्ह्यास दिला, कारण तज्ज्ञ अधिकारी, पुरेसा निधी आणि योजना आखण्याइतका विस्तार यांचा मेळ जिल्ह्याच्याच पातळीवर बसू शकतो असे तिचे मत होते. याहून धाडसाची गोष्ट म्हणजे जिल्ह्याचा अनभिषिक्त राजा समजला जाणारा कलेक्टर या रचनेच्या बाहेर ठेवण्यात आला, आणि शाळा, दवाखाने, रस्ते, शेतकी व पशुसंवर्धन ही खाती त्यांच्या नोकरवर्गासह लोकनियुक्त अध्यक्षाच्या देखरेखीखाली गेली. यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळाने स्वतःच्या हातची सत्ता आपण होऊन खाली सोपविली, ही घटना भारतीय राज्यकारभारात विरळाच म्हटली पाहिजे.

या रचनेचे सर्वात टिकाऊ फळ म्हणजे तिने घडविलेली माणसे. स्वतः वसंतराव नाईक पुसद नगरपालिकेच्या अध्यक्षपदावरून पुढे आले होते. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेत दशकभर सभासद होते. देवेंद्र फडणवीस नागपूरचे नगरसेवक व पुढे महापौर होते. आणि एकनाथ शिंदे ठाण्याचे नगरसेवक होते. पक्ष निरनिराळे, स्वभाव निरनिराळे, आणि राज्यकारभाराविषयीच्या कल्पनाही निरनिराळ्या. परंतु अंदाजपत्रकातील शीर्षे, निविदा, हरकती, पाण्याच्या पाळ्या आणि नाराज मतदार यांचा धडा या साऱ्यांनी एकाच शाळेत गिरविला. ही शाळा ज्यांच्या अमदानीत बंद राहिली त्यांपैकी कित्येक जण तिचेच विद्यार्थी होते, याची नोंद येथे करणे भाग आहे.

१९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी या संस्थांना राज्यघटनेचे कवच दिले. पाच वर्षांहून अधिक मुदत नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी पुढील निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असा स्वच्छ दंडक घटनेत लिहिला गेला. निवडणुका घेण्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग निर्माण झाला. प्रभागरचना चालू आहे किंवा मतदारयाद्या तयार नाहीत ही सबब निवडणूक लांबविण्यास पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले होते. एवढा बंदोबस्त असताना महाराष्ट्रात तो फोल का ठरला?

प्रारंभीचे कारण साथरोगाचे होते आणि ते कोणीही मान्य करील. पुढचे कारण इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणाचे. महाराष्ट्रात १९९४ पासून स्थानिक संस्थांत या वर्गासाठी २७ टक्के जागा राखून ठेवल्या जात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली असे सांगितले, की हे आरक्षण घटनाबाह्य नाही, मात्र ते मागासलेपणाच्या प्रत्यक्ष व समकालीन पाहणीवर आधारलेले असावे, आणि एकूण आरक्षण निम्म्याच्या पुढे जाऊ नये. ४ मार्च २०२१ च्या निकालाने हीच अट महाराष्ट्राच्या जिल्हा परिषद कायद्यास लावली गेली : स्वतंत्र आयोग नेमा, त्याच्या पाहणीवरून संस्थानिहाय प्रमाण ठरवा, आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा पाळा. वृत्तपत्रांतून ‘इम्पिरिकल डेटा’ या नावाने जो वाद वर्षभर गाजला तो याच तिहेरी चाचणीचा. तेव्हा राज्यात सत्तेवर असलेली महाविकास आघाडी म्हणे, की केंद्राने २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेची माहिती दडवून ठेवली; विरोधी बाकांवरील भाजप म्हणे, की राज्य सरकारने आयोगच वेळेवर कामाला लावला नाही. २०१० ते २०२१ या अकरा वर्षांत दोन्ही बाजूंची सरकारे राज्यात येऊन गेली होती आणि दोहोंपैकी कोणीही ती पाहणी केली नव्हती, ही गोष्ट या वादंगात सोयीस्करपणे बाजूला पडली.

न्यायालयाच्या निर्णयामुळे निवडणुका अपरिहार्यपणे रखडल्या, ही सबब कितपत टिकते हे पाहण्यास शेजारच्या मध्य प्रदेशाचे उदाहरण पुरेसे आहे. त्या राज्यालाही हीच चाचणी लागू झाली. मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला फटकारले, त्याच महिन्यात त्याच्या आयोगाचा अहवाल ग्राह्य धरला गेला, आणि जून-जुलैमध्ये तेथे पंचायतींचे व नगरपालिकांचे मतदान पार पडले. महाराष्ट्रातही याच पाहणीसाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने स्वीकारला होता. परंतु ज्या संस्थांची निवडणूक-प्रक्रिया आधीच सुरू झाली होती तेथे आरक्षण लागू करावे की नाही, आणि मधल्या काळात बदललेली प्रभागरचना ग्राह्य की अग्राह्य, यावर नवे अर्ज दाखल झाले. ऑगस्टमध्ये ‘जैसे थे’चा हुकूम निघाला, आणि एका तारखेची दुसरी तारीख होत जवळजवळ तीन वर्षे सरली. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने बांठिया अहवालापूर्वीची आरक्षणाची स्थिती धरून चार महिन्यांत निवडणुका घ्या असे फर्माविले. तीही मुदत अपुरी पडली आणि ३१ जानेवारी २०२६ पर्यंतची मुदतवाढ द्यावी लागली. न्यायालयाच्या संथपणाचा दोष लहान नाही, कारण ज्या घटनात्मक दंडकाचे रक्षण त्याने करावयाचे तोच त्याच्या दाराशी तिष्ठत बसला. तथापि न्यायालयापुढे नवनवे तंटे उभे राहावेत अशी सामग्री पुरविली ती राज्यकर्त्यांनीच, आणि तिचा तपशील उद्बोधक आहे.

मुंबई वगळता इतर महापालिकांतील प्रभागपद्धतीचा इतिहास पाहावा. २००२ मध्ये एका प्रभागातून तीन नगरसेवक निवडले गेले, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. महाविकास आघाडीने २०१९ च्या अखेरीस एकसदस्यीय पद्धत आणली, २०२१ मध्ये स्वतःचाच निर्णय फिरवून ती त्रिसदस्यीय केली, आणि २०२२ मध्ये आलेल्या शिंदे सरकारने पुन्हा २०१७ च्या रचनेकडे धाव घेतली. सरपंच व नगराध्यक्ष यांच्या थेट निवडणुकीचे तेच : फडणवीस सरकारने ती आणली, महाविकास आघाडीने २०२० मध्ये रद्द केली, शिंदे सरकारने जुलै २०२२ मध्ये, सत्तेवर येऊन महिनाही होण्यापूर्वी, ती पुनःस्थापित केली. मुंबईच्या जागा एका सरकारने २२७ वरून २३६ केल्या, दुसऱ्याने २३६ वरून २२७. या प्रत्येक फेरफारामागे तत्त्वाची भाषा होती, कधी लोकसंख्येची वाढ, कधी स्थैर्य, कधी लोकांचा थेट सहभाग. परंतु ज्याचे संघटन मोठे त्यास मोठा प्रभाग लाभतो आणि ज्याचा उमेदवार गल्लीत ओळखीचा त्यास लहान, हे गणित कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्यास तोंडपाठ असते, आणि नियम बदलणाऱ्यांची नजर त्याच गणितावर होती. मतदाराच्या दृष्टीने परिणाम असा, की आपला प्रतिनिधी एक की चार, आपल्या वस्तीची हद्द कोणती, हे दर पाच वर्षांनी त्यास नव्याने शिकावे लागले, आणि चार नगरसेवकांच्या प्रभागात तक्रार नेमकी कोणाकडे न्यावी याचा खुलासा शेवटपर्यंत झाला नाही.

या सर्व कलहात एक प्रसंग मात्र सहमतीचा होता, आणि तो विसरता कामा नये. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून राज्य सरकारकडे घेणारी विधेयके विधिमंडळात आली, तेव्हा ज्या सभागृहात एकमेकांचे तोंड पाहण्यासही सभासद राजी नव्हते तेथे ती एकमताने मंजूर झाली. दोन्ही छावण्यांना परस्परांचा विश्वास वाटत नव्हता. परंतु नियमांची दोरी सरकारच्या हाती असावी, आणि ते सरकार आज ना उद्या आपले असेल, याविषयी दोघांचाही विश्वास सारखाच दृढ होता. महाराष्ट्रातील ध्रुवीकरणाचे स्वरूप ओळखण्यास हा एकच प्रसंग पुरेसा आहे. सत्ता कोणाकडे असावी यावर टोकाचे वैर, आणि ती खाली जाऊ नये यावर मूक एकवाक्यता, अशी ही स्थिती आहे.

प्रशासकांच्या अमदानीत प्रत्यक्ष काय झाले ते मुंबईच्या उदाहरणावरून पाहता येते. डिसेंबर २०२२ मध्ये शिवसेनेचे दोन गट महापालिका मुख्यालयातील पक्ष-कार्यालयाच्या ताब्यावरून हातघाईवर आले, तेव्हा आयुक्तांनी सर्वच पक्षांची कार्यालये मोहोरबंद केली. पुढील वर्षी त्याच इमारतीत पालकमंत्र्यांसाठी स्वतंत्र दालन उघडले. नगरसेवकाला कुलूप आणि मंत्र्याला किल्ली, असा हा व्यवहार एकाच छताखाली घडला. दरम्यान २०२३-२४ ते २०२५-२६ हे तीन अर्थसंकल्प एकाच अधिकारपदाने मांडले आणि त्यानेच मंजूर केले. त्यांचा आकार ५२,६१९ कोटींवरून ७४,४२७ कोटी रुपयांवर गेला, म्हणजे गोव्यासारख्या राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहूनही मोठा झाला. स्थायी समितीच्या बैठकीत ज्या प्रस्तावावर दोन-चार तास तरी खडाजंगी व्हायची, ज्याच्या टिपणीवर विरोधी सभासदाने एखादी बोचरी उपसूचना द्यायची, तो प्रस्ताव एका सहीने मार्गी लागू लागला. वॉर्डातील कामांसाठीचा पैसा आमदारांच्या शिफारशीने वाटला जाऊ लागला, आणि त्यात सत्ताधारी बाजूस झुकते माप मिळते असा आक्षेप विरोधकांनी घेतला. ग्रामीण भागातील हानी कमी दिसली तरी कमी नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थांनाच मिळावे अशी अट असल्यामुळे केंद्राच्या पैशाची वाट अडली.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. नगरसेवक म्हणजे टक्केवारी, जिल्हा परिषद सदस्य म्हणजे बदल्यांचा बाजार, अशी लोकांची धारणा निराधार नव्हे. प्रशासकांच्या काळात काही कामे झपाट्याने झाली असेही पुष्कळांना वाटते. परंतु भ्रष्टाचार हा निवडणुकीचा परिणाम असता तर निवडणुका बंद होताच तो आटावयास हवा होता. तसे घडल्याचे कोणी सांगत नाही. बदल झाला तो इतकाच, की ज्याच्या नावाने बोटे मोडता येत आणि ज्याला पाच वर्षांनी घरी बसविता येई तो मध्यस्थ नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी बदलीवर येणारा व बदलीवर जाणारा अधिकारी आला, ज्याचा धनी मंत्रालयात असतो.

ध्रुवीकरणाच्या काळात सत्ता वर का सरकते, याचा उलगडा सार्वजनिक धोरणाच्या बदललेल्या स्वरूपातही सापडतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या; त्यानंतर काही आठवड्यांतच राज्यात सत्तेवर असलेल्या महायुतीने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली, आणि दरमहा १५०० रुपये पात्र महिलांच्या खात्यांत जमा होऊ लागले. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. विरोधकांचा जाहीरनामा याला अपवाद नव्हता. त्यांनी दरमहा ३००० रुपयांचे वचन दिले होते. गरीब स्त्रीच्या हाती थेट पैसा पडणे हे स्वागतार्हच. वादाचा मुद्दा वेगळा आहे. ज्या योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली तिच्या आखणीत, निवडीत वा तपासणीत जिल्हा परिषदेला वा नगरपालिकेला धोरण ठरविण्याचा तिळमात्र अधिकार नाही. मंत्रालय आणि बँकखाते यांच्या मधल्या साऱ्या पायऱ्या गळून पडल्या, कारण चुरशीच्या लढाईत श्रेय वाटून घेणे कोणत्याही नेत्यास परवडत नाही. स्थानिक संस्थांच्या स्वतःच्या उत्पन्नाचेही तेच झाले : जकात गेली, स्थानिक संस्था कर आला आणि गेला, २०१७ पासून त्यांच्या जागी राज्याकडून येणारी भरपाई आली. ‘एमएमआरडीए’सारखी प्राधिकरणे मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली शहरांचे आराखडे ठरवू लागली. निवडणुका रखडल्या त्या अशा संस्थांच्या, ज्यांचा खजिना आणि अधिकार आधीच ओसरत आला होता.

आणि तरीही २ डिसेंबर २०२५ पासून नगरपरिषदांचे आणि १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महानगरपालिकांचे मतदान झाले, तेव्हा या संस्थांच्या प्रकृतीतील एक जुना गुण पुन्हा प्रकट झाला. राज्यात एकमेकांशी भांडणारे राष्ट्रवादीचे दोन्ही गट पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हातात हात घालून उभे राहिले. राज्यात एकत्र नांदणारे भाजप आणि शिंदेंची शिवसेना अनेक शहरांत परस्परांविरुद्ध लढले. अंबरनाथमध्ये शिंदे गटास दूर ठेवण्यासाठी भाजपने काँग्रेसच्या नगरसेवकांशी संधान बांधले, अकोटमध्ये तर भाजप व एमआयएम एका आघाडीत आले. श्रेष्ठींनी डोळे वटारले आणि त्या आघाड्यांवर पाणी पडले. यात संधिसाधूपणा भरपूर होता, पण दुसरी बाजूही दिसते : वर ज्या वैराला तत्त्वाचे रूप दिले जाते ते खाली उतरताच वितळू लागते, कारण तेथे ज्याच्याशी भांडावयाचे त्याच्याच गल्लीतून आपली जलवाहिनी जाणार असते. स्थानिक संस्था नियमित, सशक्त आणि स्वतःच्या खजिन्याच्या मालक असत्या तर या वितळण्यातून कामाचा काही करार निघाला असता. तसे नसल्यामुळे त्यातून केवळ पदांची वाटणी निघाली. महापालिकांच्या निवडणुकीत मतदानाआधीच साठांहून अधिक उमेदवार बिनविरोध निवडून आले, हीही त्याच दुबळेपणाची दुसरी खूण होय.

उपायांची यादी लांबविण्यात अर्थ नाही. चार गोष्टी पुरेशा आहेत. प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगास परत द्यावा. मुदत संपण्याच्या आधीच्या दोन वर्षांत सदस्यसंख्या, प्रभागपद्धती वा पदाधिकाऱ्यांच्या निवडीची रीत बदलता येणार नाही, आणि केलेला बदल त्यापुढील निवडणुकीसच लागू होईल, अशी तरतूद कायद्यातच करावी. प्रशासकाचा अंमल सहा महिन्यांपलीकडे गेल्यास कर, ठेवी आणि मोठे ठेके यांविषयी निर्णय घेण्याचा त्याचा अधिकार आपोआप गोठावा, म्हणजे विलंबाचा लाभ कोणासच होणार नाही. आणि मागासवर्गीय आरक्षणाची पाहणी निवडणूक दाराशी आल्यावर नव्हे, तर मुदतीच्या मध्यावर पूर्ण व्हावी. पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडणाऱ्या ५७ नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहिल्या आहेत, यावरून तो प्रश्न अद्याप मिटलेला नाही हे स्पष्ट आहे.

यांपैकी एकही उपाय कोणत्या पक्षाच्या विचारसरणीविरुद्ध नाही, आणि म्हणूनच तो आपोआप होईल अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. ज्या प्रश्नावर दोन्ही छावण्यांचा स्वार्थ एक असतो तो प्रश्न त्यांच्या भांडणातून सुटत नाही, तो मतदाराने लावून धरावा लागतो. जानेवारी २०२६ मध्ये निवडलेल्या महापालिकांची मुदत २०३१ च्या आरंभी संपेल. त्यापूर्वी, २०२९ मध्ये, लोकसभेच्या व विधानसभेच्या निवडणुका आहेत, आणि मते मागण्यासाठी प्रत्येक पक्षाचा उमेदवार दाराशी येणार आहे. २०३१ ची महापालिका निवडणूक वेळेवर आणि आजच्याच नियमांनी घेण्याचे लेखी वचन तो देतो काय, हा एक प्रश्न त्याला विचारण्यास कोणत्याही कायद्याची परवानगी लागत नाही.